रंगभवनचा काळा टीशर्ट, आईची गोधडी आणि रॉकचे कपडे

काजबटण | ३ जून, रात्री १०:४२

मंडळी, पावसाआधी माळा आवरायला काढला आणि ट्रंकेच्या तळाशी माझा काळा टीशर्ट सापडला. कॉलेजात असताना फॅशन स्ट्रीटवर घासाघीस करून साठ रुपयांना घेतलेला. छातीवर कवटी, पाठीवर दौऱ्यातल्या शहरांची यादी. हाच घालून धोबीतलावच्या रंगभवनला आय-रॉक या रॉक महोत्सवाला गेलो होतो. वर छप्पर नाही, पाऊस कोसळतोय, आणि जिकडे पाहावं तिकडे काळे टीशर्ट. घरी आलो तेव्हा रंग उतरून मान, पाठ, बनियन सगळं करडं झालं होतं. आईने काही विचारलं नाही. टीशर्ट वेगळ्या बादलीत मिठाच्या पाण्यात भिजवला, एवढंच.

तीच आई सध्या गोधडी शिवायला बसलीय. मी म्हटलं हापण घे, आणि आतल्या थरात नको, वर लाव. तर प्रिंटवर सुई चालत नाही. रबरासारखा जाड थर आहे, तडे गेलेत, टाका घातला की खपली निघते. कुणाकडे उपाय असेल तर सांगा. हा झाला पहिला प्रश्न.

दुसरं जरा सविस्तर लिहितो, बरेच दिवस डोक्यात आहे. मी अंधेरीत एका एक्स्पोर्टवाल्याकडे पॅटर्न मास्टर आहे, बावीस वर्षं झाली. दर दोन-तीन सीझनला बाहेरच्या खरेदीदाराकडून 'रॉक' नावाचा बोर्ड येतो, म्हणजे कपडा कसा हवा ते दाखवणारा चित्रांचा फलक. काळा रंग, खिळे, साखळ्या, फाटका गुडघा. फाटका गुडघा तर मापासकट येतो. कमरेपासून किती खाली, किती रुंद, किती उंच. मी ते माप पॅटर्नवर उतरवतो आणि दर वेळी मनात येतं, हा गुडघा आधी कुणाचा तरी खराच फाटला होता.

रॉकने फॅशन बदलली असं सगळे म्हणतात. माझं मत असं, की रॉकवाल्यांनी नवीन कपडा असा फारसा शोधलाच नाही. त्यांनी कामाचे, स्वस्तातले, जुन्या बाजारातले कपडे होते तसे स्टेजवर नेले आणि ते घालून ताठ मानेने उभं राहता येतं हे दाखवलं. तिरक्या चेनचं चामड्याचं जॅकेट घ्या. न्यूयॉर्कच्या शॉट कंपनीने ते १९२८ साली मोटरसायकलवाल्यांसाठी बनवलं, किंमत साडेपाच डॉलर, नाव पर्फेक्टो, मालकाच्या आवडत्या सिगारवरून. चेन तिरकी आहे ती पुढची बाजू एकावर एक चढून वारा छातीत शिरू नये म्हणून. १९५३ साली मार्लन ब्रँडोने तसं जॅकेट पडद्यावर घातलं. १९७०च्या दशकात रमोन्स हा बँड आला. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातली चार पोरं, अंगात तेच जॅकेट, खाली गुडघ्यावर फाटलेली जीन्स आणि कॅनव्हासचे बूट. गल्लीत जे घालायचे तेच स्टेजवर.

पुढे सिएटलकडच्या बँडवाल्यांचा चौकड्यांचा फ्लॅनेल शर्ट. तो मुळात थंडीतला, लाकूडतोड्यांचा कपडा, जुन्या कपड्यांच्या दुकानात स्वस्त मिळणारा. नोव्हेंबर १९९२ मध्ये मार्क जेकब्स या डिझायनरने पेरी एलिस कंपनीसाठी तोच चौकडा रेशमावर छापून रॅम्पवर आणला. त्यात त्याची नोकरी गेली. आज त्याच कलेक्शनचं नाव आदराने घेतात.

तर तुम्ही काय घालत होतात, कुठून आणलंत, कुणी शिवलं, ते लिहा. मुंबईतलं हे कुणी नीट लिहून ठेवलेलं माझ्या तरी वाचनात नाही.

शाईचा_डाग | ३ जून, रात्री ११:२०

आधी तुमच्या आईचं काम. प्रिंटवर टाका अजिबात घालू नका. ते रबर प्रिंट आहे. शाई धाग्यात मुरत नाही, कापडावर सायीसारखी बसते. सुईने भोक पडलं की तिथूनच तडा पुढे सरकतो. प्रिंटच्या कडेने अर्धा इंच सोडून चौकोन कापा, मागून जुन्या मलमलचा तुकडा लावा आणि फक्त कडेवर टाके घाला. इस्त्री करायची तर उलट्या बाजूने, मध्ये बटरपेपर ठेवून.

आमच्या वडिलांचं लोअर परळला स्क्रीन प्रिंटिंगचं छोटं टेबल होतं. नव्वदीत असे टीशर्ट आम्हीपण छापलेत. काळ्या कापडावर छापणं सर्वांत अवघड, कारण साधी पिगमेंट शाई काळ्यावर दिसतच नाही. आधी पांढरा थर मारायचा, तो वाळवायचा, मग त्यावर लाल, पिवळा. प्रत्येक रंगाची स्क्रीन वेगळी. पांढरा थर पातळ गेला तर लाल मळकट दिसतो, जाड गेला तर टीशर्ट पाठीला पत्र्यासारखा लागतो. मासिकातलं चित्र मोठं करून ट्रेसिंगवर हाताने उतरवायला एक आर्टिस्ट यायचा. त्याने त्यातलं एकही गाणं ऐकलेलं नव्हतं, पण अक्षरांची टोकं अशी काढायचा की बँडवाल्यांनी बघत राहावं.

चंद्रकळा_७५ | ४ जून, सकाळी ९:०५

काजबटण, धागा वाचून सकाळचा चहा गार झाला.

तुम्ही काळे टीशर्ट म्हणालात, पण आमच्यासारख्या मुलींना काळं घालणं ही किती मोठी गोष्ट होती ते पुरुषांच्या लक्षात येणार नाही. आमच्या घरी काळं फक्त संक्रांतीला. एरवी वाढदिवसाला नको, परीक्षेला नको, कुणाकडे जाताना तर नकोच. मी गिरगावातली. भावाचा काळा शर्ट पर्समध्ये घडी घालून न्यायचे आणि मेट्रो सिनेमाजवळ मैत्रिणीच्या मावशीकडे कपडे बदलायचे. बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डोळ्यात काजळ. आयलायनर परवडत नव्हतं म्हणून आजीच्या काजळाच्या डबीतलंच, कडुलिंबाचा वास येणारं.

भावाचा शर्टच का, तर रॉक गायिका पॅटी स्मिथ. १९७५ च्या तिच्या पहिल्या अल्बमच्या कव्हरवर रॉबर्ट मॅपलथॉर्पने काढलेला फोटो आहे. साधा पांढरा शर्ट, खांद्यावर टाकलेलं जॅकेट, केस विस्कटलेले. नटवलेली बाई नाही, नजर चुकवणारीही नाही. एका मैत्रिणीकडे ती कॅसेट होती. कव्हर काडेपेटीपेक्षा जरासंच मोठं, पण त्यातली तिची उभी राहायची तऱ्हा मी आरशासमोर कितीदा करून पाहिली असेल. शर्ट कसा घालावा हे मला कुठल्या फॅशनच्या मासिकाने नाही, त्या इवल्याशा कागदाने शिकवलं.

आणि हो, मेटलच्या पोरांबद्दल एक. ते चामडं आणि खिळे ज्यांनी आणले त्यात जूडास प्रीस्ट या बँडचा गायक रॉब हॅलफर्ड सगळ्यांत पुढे. १९७८च्या आसपास त्याने तो वेश घ्यायला सुरुवात केली, आणि तो वेश आला समलिंगी पुरुषांच्या लेदरवाल्या वर्तुळातून. जगभरच्या पोरांनी तो 'मर्दानी' म्हणून उचलला. हॅलफर्डने स्वतःबद्दल जाहीर सांगितलं १९९८ मध्ये. म्हणजे वीस वर्षं तो माणूस आपलं खरं अंगावर घालून सगळ्यांसमोर उभा होता. हे कळल्यापासून मला तो पट्टा, ते खिळे वेगळेच दिसतात.

गिरणगावकर | ४ जून, दुपारी १:१५

माझे बाबा कापड गिरणीत साचेखात्यात होते, म्हणजे साच्यावर (मागावर) कापड विणायचे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला तेव्हा मी चौथीत. पुढचं सगळ्यांना माहीत आहे, लिहीत नाही.

मागच्या दिवाळीत पुतण्या फाटकी जीन्स घालून आला. सगळे त्याला बोलायला लागले. बाबांनी त्याला जवळ बोलावलं, चष्मा लावला आणि गुडघ्यावरचे ते लोंबणारे पांढरे दोरे बोटांत धरून पाहिले. म्हणाले, "उभा धागा कापलाय, आडवा ठेवलाय. हे फाटलेलं नाही, हे कुणीतरी बसून केलंय." मग विचारलं, "एका गुडघ्याला किती वेळ लागत असेल रे?" पुतण्याकडे उत्तर नव्हतं. माझ्याकडेही नव्हतं.

डेनिमचा उभा धागा निळीत रंगवलेला असतो आणि आडवा पांढरा, म्हणून फाटल्यावर पांढरी झालर उरते, हे बाबांनीच मला समजावलं. अख्खं आयुष्य त्यांनी कापडातलं भोक शोधण्यात घालवलं, कारण साच्यावर कापड बिघडलं की जॉबरची (मुकादमाची) बोलणी त्यांना खावी लागायची.

अजून एक. लोअर परळला मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये ब्लू फ्रॉग हा गाण्याबजावण्याचा क्लब सुरू झाला होता. तिथे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा स्टेजकडे लक्षच लागेना. आसपास सगळे फाटक्या जीन्सवाले, आणि मी मनात मोजत होतो की या आवारात एके काळी किती साचे चालत असतील.

वालधुनी | ४ जून, संध्याकाळी ७:५०

गिरणगावकर, तुमच्या बाबांच्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण मी उल्हासनगरचा आणि आमच्या घरात जीन्सचंच काम होतं.

काम शिकलेला माणूस एक गुडघा दहा-पंधरा मिनिटांत करतो. आधी पाय लाकडी ठोकळ्यावर चढवायचा. ब्लेडने दोन समांतर चिरा द्यायच्या, मग चिमट्याने निळे उभे धागे एक-एक ओढून काढायचे. पांढरा तुटला की पीस वाया. आसपासचं पॉलिश पेपरने घासायचं, म्हणजे जुनं झाल्यासारखं दिसतं. मांडीवरच्या फिक्या रेषा वेगळ्या, त्या ठोकळ्यावर नक्षी कोरून घासतात. मग पोटॅशियम परमँगनेटचा फवारा. मारताना जांभळा दिसतो, थोड्या वेळाने तपकिरी होतो आणि धुतल्यावर तिथे कापड पांढरं पडतं. शेवटी मोठ्या ड्रममध्ये प्युमिसच्या हलक्या दगडांबरोबर धुलाई.

हा फवारा मारताना माझ्या काकांच्या तोंडाला फक्त रुमाल असायचा. ज्या युनिटमध्ये ते होते तिथे मास्क मागितला तर उद्यापासून येऊ नको म्हणायचे. नखं कायम तपकिरी. तुर्कस्तानात जीन्सवर वाळूचा फवारा मारणाऱ्या कामगारांना सिलिकोसिस झाला, फुप्फुसं गेली, तेव्हा २००९ मध्ये तिथे त्यावर बंदी आली. आणि आमच्याकडे धुलाईचं निळं पाणी वालधुनी नदीत जायचं. मी नाव उगाच घेतलेलं नाही. लहानपणी पुलावरून पाणी बघून आज कुठल्या रंगाची धुलाई आहे ते सांगायचो.

रमोन्सच्या पोरांचा गुडघा फुकटात फाटला होता, काजबटण. आमच्याकडे तो फाडायला माणूस लागला. धाग्यात त्या माणसाचीही नोंद असू द्या.

तिसरी_घंटा | ५ जून, सकाळी ७:३०

मी सत्तरीचा आहे, मत थोडं वेगळं आहे, राग मानू नये. आपण जे घातलं ते उसनंच होतं असं मला वाटतं. सिएटलच्या थंडीतला शर्ट आपण ऑक्टोबरच्या उकाड्यात घालायचा, ही कुठली आवड? आमच्या वेळी बेलबॉटम होते, तेही बाहेरूनच आले. पोरांनी संगीत ऐकावं, मला त्यात काही गैर वाटत नाही. पण पोशाख आपल्या हवेचा, आपल्या मातीचा असावा.

बेसगिटार_दादर | ५ जून, सकाळी १०:१०

काका, राग कसला. तुमचं हवेबद्दलचं अगदी बरोबर आहे. मी धारावीत काळा किल्ल्याजवळून चामड्याचं जॅकेट घेतलं होतं, पहिल्या पगारातून. एका पावसाळ्यात त्यावर पांढरी बुरशी आली. पुसून, उन्हात टाकून, खोबरेल लावून दोन वर्षं टिकवलं, मग अस्तर सुटलं. म्हणूनच मुंबईच्या बँडवाल्यांच्या अंगात चामडं कमी आणि बाह्या कापलेलं डेनिम जास्त दिसायचं. खिळ्यांचा मनगटपट्टा मी आमच्या नाक्यावर चपला शिवणाऱ्या मामांकडून करून घेतला. त्यांनी आतून मऊ चामडं लावून दिलं, घामाने हात सोलू नये म्हणून. फ्लॅनेलचा शर्ट आम्ही कमरेला बांधायचो. आपल्या हवेने कपडा बदलला, काका.

पण मातीचं म्हणालात तिथे मी थांबवतो. माती कुणाची ते बघू.

डंगरी हा इंग्रजी शब्द आपल्या डोंगरीवरून गेला. मुंबईच्या किल्ल्याजवळच्या त्या वस्तीत मिळणारं जाडंभरडं सुती कापड इंग्रज व्यापाऱ्यांनी नेलं. ते खलाशांच्या आणि मजुरांच्या अंगावर चढलं आणि गावाचं नाव कापडाला चिकटलं. रॉकवाले डोक्याला बांधतात तो बँडाना, तो शब्द बांधणीतला. साठच्या दशकात सायकेडेलिक बँडच्या शर्टावर जिकडे-तिकडे जी नक्षी होती तिला ते पेझ्ली म्हणतात. पेझ्ली हे स्कॉटलंडमधलं गाव, काश्मिरी शालींच्या नकला विणणारं. नक्षी आपली कोयरी. १९६८ मध्ये फेंडर कंपनीने टेलिकास्टर गिटारवर चक्क कोयरीचा वॉलपेपर चिकटवून विकला होता. माझ्या आजीच्या लुगड्याच्या पदरावर होती तीच कोयरी, गिटारच्या अंगावर.

रोलिंग स्टोन्सचं ते जिभेचं चिन्ह, ज्याचे टीशर्ट आजही कुलाबा कॉजवेला टांगलेले दिसतात, ते १९७० मध्ये जॉन पाश या लंडनच्या कलाविद्यार्थ्याने काढलं. मिक जॅगरने त्याला कालीमातेचं चित्र दाखवलं होतं. पाशला मिळाले ५० पौंड. तेच मूळ चित्र २००८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमने विकत घेतलं. ७ एप्रिल २००३ ला स्टोन्स ब्रेबॉर्न स्टेडियमवर वाजवायला आले तेव्हा माझ्या शेजारी एक बंगाली मुलगा उभा होता. जिभेकडे बोट दाखवून म्हणाला, "ही आमच्या घरातली."

म्हणून उसनं हा शब्द मला पटत नाही. कोण कुणाला देणं लागतो याचा हिशेब इतका सरळ नाही.

टेबललँड | ५ जून, दुपारी ३:४०

यात पाचगणी राहिली. क्वीन या बँडचा गायक फ्रेडी मर्क्युरी, म्हणजे फारुख बलसारा, पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये शिकला. तिथल्या पोरांचा 'द हेक्टिक्स' नावाचा बँड होता, त्यात तो पियानो वाजवायचा. लंडनला गेल्यावर ग्राफिक डिझाइन शिकला आणि क्वीनच्या सुरुवातीच्या काळात रॉजर टेलरबरोबर केन्सिंग्टन मार्केटमध्ये जुन्या कपड्यांचा स्टॉल चालवला. म्हणजे कपडा हातात धरून पारखायची सवय गाण्याच्या बरोबरीने. झँड्रा ऱ्होड्स या डिझायनरने त्याच्यासाठी केलेला पांढरा, पंखांसारख्या चुण्यांचा झगा बघा, आणि मग १९८५ मधला लाइव्ह एड या मैफलीतला वेश बघा, साधी पांढरी बनियन, फिकी जीन्स आणि दंडावर पट्टा. अख्खं वेम्ब्ली त्याच्या हातात आहे आणि अंगावर आहे आपल्या चाळीतल्या कुठल्याही काकांच्या अंगावर असते तशी बनियन. माझ्या दृष्टीने रॉकच्या इतिहासातला हा सर्वांत धीट पोशाख.

तिसरी_घंटा | ५ जून, रात्री ८:१५

डोंगरीचं मला ठाऊक नव्हतं. माझं बालपण तिथून हाकेच्या अंतरावर, मशीद बंदरला गेलं. वडील गोदीत होते, निळ्या जाड कापडाची विजार घालून जायचे. तिला आम्ही घरात कामाची विजार म्हणायचो. धुतल्यावर पिळता यायची नाही, दोघांना मिळून पिळावी लागायची, एक टोक आईकडे, एक माझ्याकडे. आज कितीतरी वर्षांनी ती विजार डोळ्यासमोर आली. बेसगिटार, आभार.

चंद्रकळा_७५ | ६ जून, सकाळी ८:५०

काका, हे लिहिलंत ते फार चांगलं केलंत.

बेसगिटार, रॉक मशीनबद्दल कुणीच कसं लिहिलं नाही? १९८४ पासूनचा मुंबईचा बँड, १९९३ मध्ये इंडस क्रीड झाला. कॅसेटच्या कागदावर महेश तिनईकर हे नाव वाचून आमच्या वाडीतल्या पोरांनी केस वाढवले. गिटार वाजवणारा आपल्यातला असू शकतो, तर केस आपलेही वाढू शकतात, इतका सरळ विचार. त्यातल्या एकाला कॉलेजात केस कापून आल्याशिवाय वर्गात बसू देणार नाही म्हणून सांगितलं. तो महिनाभर वर्गाबाहेरच्या पायरीवर बसून नोट्स उतरवत राहिला. केस कापले नाहीत, पासही झाला.

शाईचा_डाग | ६ जून, सकाळी ११:३०

रंगभवन गेलं त्याचाही धंद्यावर परिणाम झाला, हे नोंदवतो. शांतता क्षेत्रामुळे तिथले कार्यक्रम बंद झाले. पूर्वी आय-रॉकच्या आधी आमच्या टेबलावर रात्रपाळी चालायची. नंतर मोठे बाहेरचे बँड आले. १ फेब्रुवारी २००८ ला आयर्न मेडनने जगदौऱ्याची सुरुवातच वांद्रे-कुर्ला संकुलातून केली, आणि तिथे अधिकृत टीशर्ट विकायला होते. मी एक घेतला, फक्त छपाई बघायला. पांढरा थर इतका बारीक आणि मऊ की बोटाला लागत नव्हता. वडिलांना नेऊन दाखवला. त्यांनी उलटून आतली बाजू बघितली आणि म्हणाले, "शिकायला पाहिजे होतं."

त्या वर्षी टेबल बंद केलं. स्क्रीनच्या चौकटी अजून आहेत, सागवानी. कुणाला बघायच्या असतील तर या.

काजबटण | १९ जून, रात्री ९:२५

उशीर झाला, माफ करा. ऑर्डर निघायची होती.

शाईचा डाग, तुम्ही सांगितलं तसंच केलं. चौकोन कापला, मागे मलमल. पण आईला कडेला काय लावावं ते सुचेना. कुठलाही रंग कवटीशेजारी ठेवला की तिला तो पटायचा नाही. चार दिवस तो तुकडा तसाच पाटावर पडून होता. चंद्रकळाताईंचा पहिला प्रतिसाद मी तिला वाचून दाखवला, संक्रांतीचा. ती उठली आणि कपाटातून तिची स्वतःची चंद्रकळा काढून आणली. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची, घड्यांवर विरलेली. मी नको म्हणत होतो. ती म्हणाली, "काळ्याला काळंच जातं. आणि हिला ट्रंकेत ठेवून मी काय करू?"

वालधुनी, तुमच्या काकांबद्दल मी आमच्या फ्लोअरवर वाचून दाखवलं. सोमवारी गुडघ्याचं माप पुन्हा आलं होतं, नवीन खरेदीदाराचं. मी या वेळी धुलाईवाल्याला फोन करून विचारलं, फवारा मारणाऱ्यांना मास्क देता का. देतो म्हणाला. पुढच्या आठवड्यात जाऊन बघणार आहे.

गोधडी आज पुरी झाली. आई टाके बाहेरच्या कडेपासून आत फिरवत आणते, चौकोनात चौकोन, आणि कवटीपाशी येऊन टाके तिच्या कडेने वळलेत. टीशर्टचा रंग अजून थोडा सुटतो, तिच्या बोटांना लागला होता. फोटो उद्या उजेडात काढून टाकतो.